सव्वाचारची तीन मिनिटं

अनंतकृष्णांनी माझं वाक्य मध्येच अडवलं. बोलून नव्हे. उजवा हात खांद्याएवढा वर केला, तळवा माझ्याकडे, बोटं जुळलेली; नजर माझ्यावर नाहीच, खिडकीच्या गजांपलीकडे कुठेतरी. मी त्यांना माझ्या कादंबरीचं नववं प्रकरण वाचून दाखवत होते, म्हणजे मराठी कागदावरून तमिळमध्ये सांगत होते आणि अडलं की इंग्रजीची ठिगळं लावत होते. मी ‘वादळ आता’पाशी थांबले. जॉर्ज टाउनमधली, या निवृत्त जहाजी रेडिओवाल्याची दुसऱ्या मजल्यावरची खोली. खालून हातगाड्यांचा आणि पोती टाकल्याचा आवाज येत होता, डोक्यावर पंखा कुरकुरत होता. तो हात माझ्या ओळखीचा होता. चोवीस वर्षांपूर्वी, लग्न होऊन मद्रासला आल्याच्या तिसऱ्या दिवशी, माझ्या सासऱ्यांनी नेमका असाच हात माझ्यासमोर धरला होता, आणि तेव्हापासून मी त्या माणसाशी धड बोललेले नाही.

मी तशी बोलकी. सांगलीजवळच्या हरिपूरची, कृष्णाकाठची. आमच्याकडे घाटावर धुणं आपटतानासुद्धा बायका गप्प बसत नाहीत, नदीच्या वर आवाज काढून बोलतात. वेंकटचं स्थळ आलं तेव्हा वडिलांनी फार विचार केला नाही. मंडळी मूळची तंजावरची, पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच, पण घरात मराठी बोलणारी. मुलगा रेल्वेत, तांबरमला. घर क्रोमपेटला, दोन स्टेशनं अलीकडे. मुलूख परका असला तरी घर आपल्या भाषेचं, असं वडील म्हणाले. भाषा आपलीच होती, फक्त दोनशे वर्षांपूर्वीची आणि तमिळच्या चालीवर. सासूबाई राजसबाई ‘मज ठाऊक नाही गे’ म्हणायच्या तेव्हा मला पोथी ऐकल्यासारखं वाटायचं. कुणी गोष्ट सांगताना थांबलं की बाकीचे विचारायचे, ‘अप्पुरम?’ मग पुढे काय? मी शिकलेला पहिला तमिळ शब्द तो. मला फार आवडला. या घरात लोकांना पुढचं ऐकायचं असतं, असं मनाशी म्हटलं आणि मनात मांडे खाल्ले.

तिसऱ्या दिवशी दुपारी चारला कॉफी झाली. मामंजी, म्हणजे सासरे, राघोत्तमराव, खिडकीजवळ वेताच्या खुर्चीत. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, ताठ, पांढरा शर्ट, घरातसुद्धा मनगटाला घड्याळ. ‘तुमच्या नदीचं सांग की,’ ते आपणहून म्हणाले. मला काय, निमित्तच हवं होतं. मी आमच्या गावच्या नावेची गोष्ट काढली. पलीकडच्या काठावर लग्न, ज्येष्ठ संपत आलेला, पाणी चढलेलं, नावेत वऱ्हाड आणि वाजंत्री. ढोलवाल्याला पोहता येत नव्हतं, म्हणून तो ढोलाला मिठी मारून बसला होता. नाव ऐन मध्यावर आली आणि कुणीतरी त्याला म्हणालं, अरे, वाजव की. तो उभा राहिला. नाव कलली, आणि तो ढोलासकट... इथे मामंजींनी हात वर केला. तळवा माझ्याकडे. नजर खिडकीबाहेर. सासूबाईंनी हातातला डबरा, कॉफीच्या पेल्याखालची वाटी, अलगद खाली ठेवला, आवाज न करता. वेंकट पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मी दहा-वीस सेकंद उभी राहिले असेन. मग कानशिलं तापली आणि मी आत गेले, न्हाणीघरात नळ सोडून रडले. तेवीस वर्षांची होते. माझ्या बापानं कधी मला ‘पुरे’ म्हटलं नव्हतं.

सासूबाई नंतर म्हणाल्या, ‘त्यांचं तसंच आहे गे. मनास लावून घेऊं नको.’ वेंकट म्हणाला, ‘अप्पा त्या वेळी जप करतात बहुतेक.’ जप करणारा माणूस ट्रॅफिक पोलिसासारखा हात दाखवतो का? मी विचारलं नाही. माझ्या मनात अढी बसली ती बसली. पुढे काही वर्षांत दोन रविवारी पुन्हा तसंच झालं. एकदा मी आमच्या अद्वयच्या, म्हणजे मुलाच्या, पायाला लागलं ते सांगत होते तेव्हा. त्यानंतर मी मोजकं बोलायला लागले. मामंजी, जेवायला वाढलंय. मामंजी, औषध. मामंजी, पोस्टमन आलाय. तेही मोजकंच बोलत. आठवड्यात सहा दिवस मी बँकेत, याच जॉर्ज टाउनच्या शाखेत, साडेआठला घर सोडायचे ते सातला परत. एका छपराखाली दोन माणसं चोवीस वर्षं न भांडता, न बोलता राहू शकतात. आमचं घर सुखी आहे असंच सगळे म्हणत, आणि खोटं काही म्हणत नव्हते.

अनंतकृष्णांचा हात अजून वर होता. आता मला भिंतीवरचं घड्याळ दिसलं. पितळेचं, जहाजावरचं असावं. त्याच्या तबकडीवर लाल रंगाचे दोन निमुळते तुकडे होते, पोळीतून कापावेत तसे. एक पंधरापासून अठरा मिनिटांपर्यंत, दुसरा त्याच्या बरोब्बर समोर, पंचेचाळीसपासून अठ्ठेचाळीसपर्यंत. मिनिटकाटा पहिल्या लाल तुकड्यात होता. तास चारचा. मी काट्याकडे बघत राहिले. तो लालमधून बाहेर पडला तसा म्हाताऱ्यानं हात खाली घेतला आणि हसला. सत्तरीचा माणूस, दात स्वतःचे. ‘माफ करा अम्मा. कादंबरीसाठी दाखवलं. सांगून कळलं नसतं. तुमचा किनाऱ्यावरचा ऑपरेटर चार वाजून सोळा मिनिटांनी जहाजाशी बोलतो असं तुम्ही लिहिलंय ना? तो बोलणार नाही. देव आला तरी बोलणार नाही.’

मग त्यांनी समजावून सांगितलं. उपग्रह येण्याआधी, म्हणजे अगदी सात-आठ वर्षांपूर्वीपर्यंत, जहाजं आणि किनारे एकाच ठरलेल्या लहरीवर कट्ट-कडकट्ट करून एकमेकांना हाका मारत. नुसती जत्रा. कोण गोदी मागतोय, कोण हवामान विचारतोय, कुणाला मुलगा झाल्याची तार. त्या गलक्यात एखाद्या बुडत्या जहाजाची, बॅटरी संपत आलेली, बारीक हाक कुणाला ऐकू यायची? म्हणून कायदाच होता. दर अर्ध्या तासाला तीन मिनिटं जगातल्या सगळ्या जहाजांनी आणि सगळ्या किनाऱ्यांनी हात तार ठोकायच्या चावीवरून काढायचा. फक्त ऐकायचं. ‘त्या तीन मिनिटांत समुद्राचाच आवाज यायचा,’ ते म्हणाले, ‘म्हणजे तो समुद्राचा नसतो, आकाशातली खरखर असते, पण आम्हाला समुद्रच वाटायचा. खोलीत दुसरा कुणी बोलत असला तर आम्ही असा हात करायचो. तोंडानं गप्प म्हटलं तर तेवढ्यात एखादं अक्षर निसटायचं.’ मी वहीत लिहून घ्यायला पेन उचललं होतं. पेन तसंच राहिलं.

ते पुढे बोलत होते, आणि मला त्यातलं निम्मंच कळत होतं. ‘मग अर्धवट राहिलेलं बोलणं?’ मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून. ‘अहो, तो तर पहिला नियम. तीन मिनिटं संपली की आधी अपुरा निरोप पुरा करायचा, मग नवा. समोरचा थांबलेलाच असतो. तो जात नाही कुठे.’ मी जागेवरून उठून खिडकीपाशी गेले. बंदरातल्या क्रेन दिसत होत्या. बँकेत माझ्या टेबलावरूनही याच क्रेन दिसायच्या. त्या खिडकीनंच मला या कादंबरीला लावलं. एका नोव्हेंबरात बंदरावर वादळाची खूण चढली, आमच्या शिपायानं तिचा आकडा वाचून सांगितला, सगळे घरी पळाले, आणि मला वाटत राहिलं की जे आत्ता बाहेर पाण्यावर आहेत त्यांचं घर कोणतं. पुढे बँकेनं स्वेच्छानिवृत्ती काढली, मी घेतली, आणि पाच वर्षं हेच करते आहे. लोक विचारतात, त्सुनामीवर लिहिताय का? नाही. साधं वादळ, साधं मालवाहू जहाज. वहीवर वही भरली आहे: होडी वाऱ्याच्या आडबाजूनंच का उतरवतात, बुडत्या माणसाजवळची लाट बसावी म्हणून पाण्यावर तेल कसं सोडतात, थंड पाण्यात माणूस किती वेळ बोलू शकतो. ग्रंथालयं पालथी घातली, रद्दीच्या दुकानांत बसले, निवृत्त खलाशांचे पत्ते काढले. सासरे ‘वायरलेसात’ होते एवढं मला ठाऊक होतं. त्यांना एक शब्द विचारला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, फक्त कळसा काखेत आहे हे मला माहीत होतं आणि मी मुद्दामच तिकडे बघत नव्हते.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बरं होतं. माझ्या कादंबरीत किनाऱ्यावर बसलेला एक माणूस आहे. ताठ, पांढऱ्या शर्टातला, घड्याळ बांधणारा. त्याला कुणाचंच ऐकायचं नसतं. बोलणाऱ्यापुढे हात धरतो. आणि त्याच्या या स्वभावामुळे नवव्या प्रकरणात जहाजाची हाक वाया जाते आणि माणसं बुडतात. लिहिताना फार सोपं गेलं होतं ते प्रकरण. एका बैठकीत झालं. तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण माझं एरवी एक पान दोन दिवस चालतं. चोवीस वर्षांचा डूख मी कागदावर काढला, आणि वर स्वतःला म्हटलं की आज लेखणी चांगली चालली.

‘मद्रासला किनाऱ्यावर राघोत्तमराव म्हणून कुणी होते?’ मी पाठमोरीच विचारलं. माझा आवाज मला परका वाटला. मागे खुर्ची सरकली. ‘आर-आर? तुम्ही आर-आरला ओळखता?’ म्हातारा उठून उभाच राहिला. ‘आम्ही सगळे त्यांना आर-आर म्हणायचो, त्यांची सही तीच. चेहरा मी दोनदाच पाहिला असेल, पण हात ओळखायचो. चावीवर प्रत्येकाचा हात वेगळा असतो अम्मा, अक्षरासारखा. काहीजण कुऱ्हाड चालवतात. आर-आरचा हात म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी बसून कुणी हळू बोलावं तसा.’ मी सांगितलं, माझे सासरे आहेत. ते पुन्हा खुर्चीत बसले. ‘आणि तुम्ही वादळाचं विचारायला माझ्याकडे आलात?’ मी म्हटलं, त्यांना हल्ली ऐकू कमी येतं. खोटं नव्हतं ते. पण खोटं नसलेलं बोलूनही माणूस तोंड चुकवतो.

मग त्यांनी एकसष्ट सालच्या नोव्हेंबरची हकिकत सांगितली. ते पंचविशीतले, कोलंबोला निघालेल्या एका मोठ्या जहाजावर रेडिओ ऑफिसर. त्यांच्या पूर्वेला ‘सागरलक्ष्मी’ नावाचं छोटं जहाज, कौलं आणि मीठ भरलेलं, तेवीस माणसं. वादळानं त्याची मुख्य बॅटरी गेली. राखीव बॅटरीवर त्याच्या ऑपरेटरनं हाक दिली ती अनंतकृष्णांनासुद्धा ऐकू आली नाही, आणि ते आर-आरपेक्षा कितीतरी जवळ होते. ‘दुपारचे सव्वाचार. शांततेची वेळ. मी कान देऊन बसलो होतो, मला नुसती खरखर. शांतता संपली आणि आर-आरनं मला हाक मारली: तुझ्या पूर्वेला कुणीतरी आहे, फार बारीक आहे, वळ. मी कप्तानाला म्हटलं, किनाऱ्यावरचा माणूस म्हणतो. कप्तान म्हणाला, त्याला ऐकू येतं आणि तुला नाही? मी म्हटलं, तो आर-आर आहे. आम्ही वळलो.’ संध्याकाळपर्यंत ‘सागरलक्ष्मी’चा ऑपरेटर तग धरून होता. शेवटी त्यानं चावी दाबूनच धरली. दाबून धरली की एकच लांब सूर निघतो, आणि त्या सुरावरून शोधणाऱ्याला दिशा सापडते. त्या सुराच्या मागोमाग अनंतकृष्णांचं जहाज गेलं. मग सूर तुटला. सकाळी पोचले तेव्हा पाण्यावर कौलांच्या फुटक्या पेट्या आणि माणसं होती. तेवीसांपैकी सतरा निघाली. चावी धरून बसलेला त्या सतरांत नव्हता. ‘आर-आर सकाळपर्यंत खुर्चीतून उठले नाहीत,’ अनंतकृष्ण म्हणाले. ‘आकडा कळवला, तेव्हा त्यांनी विचारलं, बाकीचे? मी म्हटलं, शोधतोय. दोन दिवस शोधलं. दर वेळी ते विचारायचे, बाकीचे?’ एवढं सांगून त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मला आणखी कॉफी घ्याल का विचारलं.

बीच स्टेशनवरून तांबरमची गाडी पकडली. दुपार कलतीची होती, डबा अर्धा रिकामा, समोर एक बाई शेवंतीची वेणी ओवत बसलेली. मी सव्वाचारचा विचार करत होते. आमच्याकडे कॉफी चारला होते. ढोलवाल्यापर्यंत यायला मला पंधरा मिनिटं सहज लागली असतील. मी पाल्हाळीकच आहे. दिवसातून अठ्ठेचाळीस वेळा गप्प बसणारा माणूस संसार कसा करणार? म्हणून त्यांनी नोकरी सुटल्यावर एकच वेळ ठेवून घेतली असावी, ‘सागरलक्ष्मी’ची. निवृत्त झाल्यावर लोक टाइपरायटर आणतात, खुर्ची आणतात. यांनी तीन मिनिटं आणली. आणि मला काय वाटलं? की मी बोलते ते त्यांना नको आहे. मला स्वतःचा राग आला, मग राघोत्तमरावांचा आला. एक वाक्य तोंडानं सांगितलं असतं तर? मग पुन्हा स्वतःचा. मी तरी कुठे विचारलं? सैदापेट्टला ती बाई वेणी टोपलीत ठेवून उतरली आणि माझ्या मांडीवर तिच्या दोन पाकळ्या राहिल्या.

घरी वेंकट लवकर आला होता, व्हरांड्यात मोजे काढत बसला होता. मी पिशवीही खाली न ठेवता विचारलं, ‘अप्पा सव्वाचारला गप्प का बसतात, तुला माहीत आहे?’ तो म्हणाला, ‘ते होय? लहानपणापासून बघतोय. त्या वेळी घरी असले की बसतातच.’ ‘कशासाठी?’ ‘विचारलं नाही कधी. आई म्हणायची जप असेल. आम्ही पोरं गप्प बसायचो, तीन मिनिटांचा तर प्रश्न.’ मोजा झटकून त्यानं घडी केली. ‘संपलं की पुन्हा बोलायला लागायचे. तुझं तर विचारायचेसुद्धा. हात खाली आला की, सून कोठें गेली म्हणून.’ मी म्हटलं, काय? ‘हो. तेव्हा, नवीन लग्न झालं होतं तेव्हा. आणि त्या दोन-तीन रविवारीही. सून कोठें गेली, गोष्ट अर्धी राहिली म्हणायचे.’ ‘मग मला का सांगितलं नाहीस?’ वेंकटनं माझ्याकडे पाहिलं. तो कधी खोटं बोलत नाही, ही त्याच्यातली चांगली आणि जड जाणारी गोष्ट आहे. ‘तू इतकी रागात असायचीस अलका,’ तो म्हणाला. ‘मला वाटलं, ऐकून आणखी रागावशील.’

आत मामंजी त्यांच्या खुर्चीत होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे. गेल्या वर्षभरात खूप उतरले आहेत. डॉक्टर म्हणाले, आता नवं फार टिकणार नाही, जुनंही हळूहळू सुटत जाईल. घरच्यांनी मनाची तयारी ठेवा. अद्वय सिरुसेरीच्या ऑफिसातून रात्री येतो त्याला कधी वेंकट म्हणतात, आणि तोही ‘येस अप्पा’ म्हणून उत्तर देतो. मागच्या आठवड्यात मला सून म्हणूनच ओळखलं नाही. कृष्णवेणी म्हणाले, ती त्यांची धाकटी बहीण, केव्हाच गेली. मी तेव्हा फार मनावर घेतलं नव्हतं. आता दारात उभं राहून त्यांच्याकडे बघताना मला भीती वाटली. या माणसाशी मला बोलायचं आहे आणि तो पाण्यावर दूर दूर चालला आहे. मी म्हटलं, ‘मामंजी, औषध.’ त्यांनी गोळी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नववं प्रकरण काढून बाजूला ठेवलं. फाडलं नाही. फाडणं म्हणजे पुन्हा रागच. किनाऱ्यावरच्या माणसाच्या ओळी तेवढ्या एकेक करून खोडल्या, आणि खोडताना लक्षात आलं की त्याच्या जागी काय लिहायचं ते मला माहीत नाही. चार वाजता कॉफी केली. एरवी मी त्यांची कॉफी तिपाईवर ठेवून माझ्या खोलीत जाते. त्या दिवशी स्वयंपाकघरातलं स्टूल घेऊन गेले आणि त्यांच्या उजव्या बाजूला बसले, कारण त्या कानात यंत्र आहे. त्यांनी स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ठरवून गेले होते की सगळं सांगायचं: अनंतकृष्ण भेटले, घड्याळ पाहिलं, ‘सागरलक्ष्मी’ कळली, माझं चुकलं. वाक्यं तयार होती. ‘मामंजी, काल मला तुमचे एक जुने...’ इथवर आले आणि त्यांचं डोकं जरा कलतं झालं, ऐकू आलं नाही तर होतं तसं. मी पुन्हा मोठ्यानं म्हटलं, ‘अनंतकृष्ण.’ त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. ‘कोण?’ ते म्हणाले. ‘मज ठाऊक नाही गे.’ मी ‘सागरलक्ष्मी’ म्हणणार होते. ओठावर आलेलं गिळलं. ते नावही त्यांना ठाऊक नसलं तर? मग हे सगळं मी एकटीनंच कुठे ठेवायचं? कॉफीवर साय धरत होती. ती बोटानं काढून मी पेला त्यांच्या हातात दिला, त्यांनी दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला, आवाज न करता.

मग मनगट वळवून घड्याळ पाहिलं. आणि हात वर केला.

तोच हात. तळवा माझ्याकडे, बोटं जुळलेली, पण आता सुरकुतलेला आणि कापणारा. डावा हात त्यांनी कानाकडे नेला आणि यंत्राचं बटण पुरतं फिरवलं. ते बारीक शिट्टी घालायला लागलं. नजर खिडकीबाहेर. माझे पाय जुन्या सवयीनं उठायला बघत होते. मी बसून राहिले. या घरातल्या त्या वेळेचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. शेजारी कुणीतरी नारळ खवत होतं. फुलवालीची लांबलेली हाक गल्लीच्या तोंडाशी आली आणि दुसरीकडे वळली. तांबरमकडून गाडी आली, खिडकीच्या काचा थरथरल्या, गेली. त्यानंतर जे उरलं त्याला काय म्हणायचं मला माहीत नाही. यंत्राची शिट्टी, पंखा आणि आमचे दोघांचे श्वास. एक मिनिट फार मोठं असतं. मी त्या ऑपरेटरचा विचार केला, चावीवर बोट दाबून बसलेल्या. त्याचं नाव अनंतकृष्णांनी सांगितलं नव्हतं. कुणीतरी ऐकतंय हे त्याला माहीत होतं का? असावं. नाहीतर माणूस शेवटपर्यंत बोट कशाला दाबून धरेल? मामंजींचा हात आता फार कापायला लागला होता, खाली घसरत होता आणि ते तो पुन्हा वर नेत होते. मी माझा तळवा त्यांच्या कोपराखाली दिला. त्यांनी वळून पाहिलं नाही, पण हाताचं वजन हळूहळू माझ्या हातात आलं. हलकं होतं, सुकलेल्या फांदीएवढं. डोळे भरून आले ते मी पुसले नाहीत. पुसायचे तर हात काढावा लागला असता. चोवीस वर्षांत मी या माणसाला पहिल्यांदा शिवले होते, नमस्काराशिवाय.

काटा अठरावर आला असेल. त्यांनी हात खाली घेतला, माझा तळवा घेऊनच. यंत्राचं बटण मागे फिरवलं, शिट्टी थांबली. ‘कोण्ही नाही,’ ते म्हणाले, मला नव्हे, खिडकीला. दर दिवशी म्हणत असतील. मग ते माझ्याकडे वळले आणि मी तिथे बसलेली पाहून त्यांचे डोळे एकदम मोठे झाले. बघतच राहिले. मला वाटलं, आता कृष्णवेणी म्हणणार. मी त्याचीही तयारी केली.

‘हं,’ ते म्हणाले. ‘ते ढोलवाला. नाव कलली. अप्पुरम?’

मला पटकन कळलंच नाही. कळलं तेव्हा मी स्टूल आणखी जवळ ओढलं. ते थांबले होते. त्यांना थांबायची सवय होती.

‘तो पाण्यात पडला, मामंजी,’ मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले. ‘ढोलासकट. पण ढोल बुडाला नाही. ढोल तरला. त्यानं मिठी सोडलीच नाही, आणि ढोल त्याला घेऊन वाहत वाहत खाली गेला, पार अंकलीच्या पुलापर्यंत. तिथे लोकांनी काढला.’

‘वाचला?’

‘वाचला. संध्याकाळी लग्नात वाजवायला आला. ढोल ओला होता, नुसता बद्द बद्द वाजायचा, सगळं वऱ्हाड हसत होतं.’

मामंजी हसले नाहीत. त्यांनी एक लांब श्वास सोडला आणि पाठ खुर्चीला टेकली. माझा हात आता त्यांच्या हातात होता. त्यांचं एक बोट माझ्या मनगटावर हळू हळू आपटत होतं, कुणाला काही कळवत असल्यासारखं.

‘मज वाटलं, बुडाला म्हणून,’ ते म्हणाले. ‘इतकीं वर्षं.’